विधानं आणि निष्कर्ष: निष्कर्ष निघतो की नाही, हे ठरवायचं कसं

बँकेची परीक्षा असो, सरळसेवा असो की सीसॅट (कलचाचणीचा पेपर), ‘खाली काही विधाने व त्यांवर आधारित निष्कर्ष दिले आहेत’ असा प्रश्न आला की बहुतेक जण तेच करतात. दोन-तीन वर्तुळं काढायची, त्यात निष्कर्ष दिसतो का ते बघायचं, दिसला की टिक मारून पुढे जायचं. गुण जातात ते इथेच. विधानांत बसणाऱ्या आकृत्या अनेक असतात आणि तुम्ही काढलेली त्यांतली एक असते. त्या एकीत खरं ठरलेलं दुसरीत खोटं ठरू शकतं. निष्कर्ष ‘निघतो’ म्हणजे विधानांना धरून असलेली कोणतीही आकृती काढली तरी तो खराच राहतो.

म्हणून आकृतीत निष्कर्ष शोधू नका, तो मोडून बघा. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत. त्यांचा क्रम बदलू नका. पहिला टप्पा गाळून थेट चौथ्यावर उडी मारणाऱ्यांचेच प्रश्न जास्त चुकतात.

## आधीची तयारी

स्वतःची बाहेरची माहिती बाजूला ठेवा. ‘सर्व बैल पुस्तकं आहेत’ असं विधान असेल तर या प्रश्नापुरते बैल पुस्तकंच. यात सहसा कुणी अडखळत नाही. खरी फसगत होते ती विधान ओळखीचं असलं की. ‘सर्व हापूस आंबे आहेत. काही आंबे महाग आहेत.’ एवढं वाचलं की ‘काही हापूस महाग आहेत’ हे हाताने आपोआप टिक होतं, कारण बाजारभाव आपल्याला पाठ असतो. विधानांनी मात्र हापूसच्या भावाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

‘काही’चा अर्थ पक्का करा. बोलताना ‘काही मुलं आली’ म्हटलं की सगळी आली नाहीत असं ऐकणारा धरून चालतो. परीक्षेत ‘काही’ म्हणजे किमान एक, आणि कदाचित सगळेसुद्धा. ‘काही अ ब आहेत’ यावरून ‘काही अ ब नाहीत’ कधीही निघत नाही.

कोणताही गट रिकामा नाही असं धरा. ‘सर्व अ ब आहेत’ म्हटलं की निदान एक अ आहेच, म्हणून ‘काही अ ब आहेत’ हेही निघतं. बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्यांना हे खटकेल, कारण आधुनिक तर्कशास्त्र रिकामा गट मान्य करतं आणि तिथे हे अनुमान चालत नाही. तो वाद परीक्षा संपल्यावर घाला.

## टप्पा १: प्रत्येक विधान चारांपैकी एका साच्यात बसवा

साचे चारच आहेत:

१. सर्व अ ब आहेत.
२. एकही अ ब नाही.
३. काही अ ब आहेत.
४. काही अ ब नाहीत.

पेपरातलं वाक्य या चारांपैकी एकात नीट उतरल्याशिवाय पेन्सिल वर्तुळाकडे न्यायची नाही. ‘प्रत्येक’, ‘कोणताही’ (वाक्य होकारार्थी असेल तर), ‘जो जो… तो तो’ हे सगळे ‘सर्व’मध्ये जातात. ‘बहुतेक’, ‘अनेक’, ‘थोडे’ हे ‘काही’मध्ये. ‘सुनीता शिक्षिका आहे’ यासारखं एकाच व्यक्तीचं विधान ‘सर्व’ समजूनच हाताळायचं, कारण सुनीता नावाच्या गटात ती एकटीच आणि ती पूर्णच आत.

त्रास देतात ते ‘फक्त’ आणि ‘च’. ‘फक्त सभासदच मतदार आहेत’ याचा अर्थ सर्व सभासद मतदार आहेत असा होत नाही. थकबाकीदार सभासदाचं मत कापलं गेलं तरी हे वाक्य खरंच राहतं. ते एवढंच सांगतं की मतदार सभासदांबाहेरचा नाही. म्हणजे साच्यात उतरवताना बाजू उलटतात: सर्व मतदार सभासद आहेत. ‘शिवाय’चंही तसंच. ‘ओळखपत्राशिवाय कुणीही आत गेलं नाही’ म्हणजे आत गेलेल्या सर्वांकडे ओळखपत्र होतं. ओळखपत्र असलेले सगळे आत गेले, असं इथे कुणी म्हटलेलं नाही.

नकारार्थी ‘सर्व’ सर्वांत घातक. ‘सगळेच खेळाडू पदवीधर नाहीत’ हे सरळ आहे: काही खेळाडू पदवीधर नाहीत. पण ‘सर्व खेळाडू पदवीधर नाहीत’ हे वाक्य मराठीत दोन्हीकडे झुकतं. कुणी ते ‘एकही नाही’ असं वाचतो, कुणी ‘सगळे नाहीत, काही असतील’ असं. पेपर द्विभाषिक असेल तर इंग्रजी बाजू बघा. तिथे ‘नो’ असेल तर दुसरा साचा, ‘नॉट ऑल’ असेल तर चौथा. अंदाजाने ठरवू नका.

बँकांच्या परीक्षांत ‘फक्त काही अ ब आहेत’ हा प्रकारही असतो. ही एकात दोन विधानं आहेत: काही अ ब आहेत आणि काही अ ब नाहीत. दोन्ही लिहून घ्या. सातव्या टप्प्यात ती लागतील.

> तपासा: प्रत्येक विधानासमोर १ ते ४ यांपैकी एक आकडा लिहिलाय (‘फक्त काही’समोर ३ आणि ४ दोन्ही)? ‘फक्त काही’ सोडून ‘फक्त’, ‘फक्त…च’, ‘शिवाय’ असलेल्या वाक्यांच्या बाजू उलटल्यात?

## टप्पा २: अक्षरं द्या आणि मधलं पद हुडका

पूर्ण शब्द लिहीत बसू नका, अक्षर द्या. पण पहिलंच अक्षर घ्यायचं असं व्रत करू नका. कागद, कापड, काच असे तीन शब्द एका प्रश्नात आले की सगळीकडे ‘का’ होतं आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. वेगळी ओळखू येतील अशी अक्षरं घ्या: ग, प, च.

आता दोन विधानांत सामाईक असलेलं पद, म्हणजे गटाचं नाव, शोधा. ते मधलं पद. निष्कर्षात ज्या दोन पदांचा संबंध सांगितलाय, त्यांना जोडणारा पूल म्हणजे हे पद. पूलच नसेल, तर त्या दोन पदांबद्दल ठाम काही सांगता येत नाही. तीन विधानं असतील तर आधी दोन घ्या, त्यांतून जे निघेल ते तिसऱ्याला जोडा. तिन्ही एकदम डोक्यात घोळवू नका.

## टप्पा ३: उलटवण्याचे नियम हाताशी ठेवा

- सर्व अ ब आहेत → काही ब अ आहेत. (‘सर्व ब अ आहेत’ निघत नाही.)
- एकही अ ब नाही → एकही ब अ नाही.
- काही अ ब आहेत → काही ब अ आहेत.
- काही अ ब नाहीत → काहीही निघत नाही.

शेवटची ओळ लाल पेनाने लिहून ठेवा. ‘काही कर्मचारी वकील नाहीत’ यावरून ‘काही वकील कर्मचारी नाहीत’ निघाल्यासारखं वाटतं. पण समजा सगळे वकील कर्मचारीच आहेत आणि त्यांच्याखेरीज इतर कर्मचारीही आहेत. आता पहिलं वाक्य खरं, दुसरं खोटं.

## टप्पा ४: आकृती काढा, ठाम विधानं आधी

विधानं कोणत्याही क्रमाने दिलेली असोत, आकृतीत ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ आधी उतरवा, ‘काही’ नंतर. ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ हे कुठे काय असू शकत नाही ते सांगतात. त्या भिंती उभ्या राहिल्या की ‘काही’ला कुठे जागा उरली ते दिसतं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

विधाने:
सर्व कंडक्टर कर्मचारी आहेत.
काही कर्मचारी गायक आहेत.
एकही गायक वकील नाही.

निष्कर्ष:
(अ) काही कंडक्टर गायक आहेत.
(ब) काही कर्मचारी वकील नाहीत.
(क) एकही कंडक्टर गायक नाही.
(ड) सर्व कंडक्टर वकील असण्याची शक्यता आहे.

कंडक्टर कर्मचाऱ्यांच्या आत. गायक आणि वकील एकमेकांपासून पूर्ण वेगळे. मग कर्मचारी आणि गायक यांची वर्तुळं एकमेकांत शिरलेली. इथपर्यंत सगळ्यांचं सारखं असतं. पुढचा प्रश्न असा की कंडक्टरचं छोटं वर्तुळ कर्मचाऱ्यांच्या आत नेमकं कुठे काढायचं? गायकांच्या भागात, त्याबाहेर, की सीमेवर? विधानं गप्प आहेत. म्हणजे ते वर्तुळ सरकवता येतं. ज्या वर्तुळाची जागा विधानांनी पक्की केलेली नाही ते तुटक रेषेने काढा. तुटक दिसलं की सरकवून बघायचं आहे, हे विसरायला होत नाही.

सरावात अजून पक्की पद्धत वापरा. क्लासमध्ये ज्याला ‘वेन आकृती’ म्हणतात ती वर्तुळात वर्तुळ काढायची रीत खरं तर गणितज्ञ ऑयलरची आहे. वेनच्या रीतीत तिन्ही वर्तुळं नेहमी एकमेकांना छेदतात. जिथे कुणी नाही तो भाग पेन्सिलने काळा करायचा, जिथे निदान एक आहे तिथे फुली. आपल्या उदाहरणात कंडक्टरचा कर्मचाऱ्यांबाहेरचा भाग काळा होतो. ‘काही कर्मचारी गायक’ची फुली कर्मचारी आणि गायक यांच्या सामाईक भागात पडायला हवी, पण कंडक्टरचं वर्तुळ त्या भागाचे दोन तुकडे करतं आणि दोन्ही तुकडे मोकळे आहेत. मग फुली रेषेवर बसते. रेषेवरची फुली म्हणजे माहीत नाही, आणि ‘माहीत नाही’वरून निष्कर्ष निघत नाही. चौथं पद आलं की ही आकृती अवजड होते, तेव्हा दोन-दोन विधानांच्या जोड्या घ्या.

बँकांच्या बऱ्याच पूर्वपरीक्षांत तर्कक्षमतेचे तीसेक प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे काळं करत बसायला वेळ नाही, तुटक वर्तुळावर भागवा. घरी मात्र काही दिवस वेनच्या रीतीनेच सोडवा, म्हणजे कुठे माहिती कमी पडते ते नजरेला कळू लागतं.

> इशारा: वर्तुळांच्या आकाराला काही अर्थ नाही. ‘सर्व अ ब आहेत’ मध्ये अ आणि ब तंतोतंत एकच असू शकतात. ब मोठा काढला म्हणून ‘काही ब अ नाहीत’ निघत नाही.

## टप्पा ५: निष्कर्ष मोडायचा प्रयत्न करा

प्रत्येक निष्कर्षासाठी स्वतःला विचारा: विधानं खरी ठेवून हे खोटं पाडता येईल का? पडलं तर निष्कर्ष निघत नाही. कितीही प्रयत्न करून पडलं नाही तर निघतो.

(अ) काही कंडक्टर गायक आहेत. कंडक्टरचं वर्तुळ गायकांपासून लांब सरकवा. मोडला.

(ब) काही कर्मचारी वकील नाहीत. हे खोटं पाडायचं तर सगळे कर्मचारी वकील करावे लागतील. पण निदान एक कर्मचारी गायक आहे आणि गायक वकील नसतो. त्या एकाला वकील करता येत नाही. मोडत नाही, म्हणून निघतो.

(क) एकही कंडक्टर गायक नाही. वर्तुळ गायकांच्या भागात सरकवा. मोडला.

(ड) शक्यतेचा आहे. त्याचा न्याय वेगळा, सातव्या टप्प्यात.

### आकृतीशिवाय झटपट ताळा

मोडायचा प्रयत्न करूनही खात्री होत नसेल तर हे चार नियम लावा. त्यांतला पहिला कळला तर निम्मे चुकीचे पर्याय तिथेच गळतात.

१. मधलं पद निदान एकदा पूर्ण घेतलेलं हवं, म्हणजे एखादं विधान तरी त्या गटातल्या प्रत्येकाबद्दल बोलणारं हवं. ‘सर्व अ ब’ मध्ये अ पूर्ण घेतलाय, ब नाही. ‘एकही अ ब नाही’ मध्ये दोन्ही पूर्ण. ‘काही अ ब’ मध्ये एकही नाही. ‘काही अ ब नाहीत’ मध्ये फक्त ब पूर्ण. वरच्या उदाहरणात ‘कर्मचारी’ हे मधलं पद पहिल्या विधानात ब च्या जागी आहे आणि दुसऱ्यात ‘काही’बरोबर, म्हणजे दोन्हीकडे अपुरं. म्हणून कंडक्टर आणि गायक यांच्याबद्दल ठाम काही निघूच शकत नाही. हे आकृती न काढता कळलं.

२. दोन्ही विधानं नकारार्थी असतील तर मधल्या पदावरून पूल बांधता येत नाही. ‘एकही अ ब नाही, एकही ब क नाही’ यावरून अ आणि क एक आहेत असं नाही, वेगळे आहेत असंही नाही.

३. दोन्ही विधानं ‘काही’ची असतील तर काही निघत नाही.

४. निष्कर्षात पूर्ण घेतलेलं पद विधानातही पूर्ण घेतलेलं हवं. ‘सर्व नर्स कर्मचारी आहेत. एकही नर्स वकील नाही.’ यावरून ‘एकही कर्मचारी वकील नाही’ म्हणणं म्हणजे नर्सपुरती माहिती सगळ्या कर्मचाऱ्यांवर लादणं. निघतं ते फक्त ‘काही कर्मचारी वकील नाहीत’, कारण नर्स स्वतः त्यात आहेत.

## टप्पा ६: मोडलेल्या निष्कर्षांत जोडी आहे का?

‘एकतर (अ) किंवा (क)’ हा पर्याय इथे कामाला येतो. तो लावायला तीन अटी आहेत, तिन्ही एकदम हव्यात:

- दोन्ही निष्कर्ष एकेकटे निघत नाहीत, आणि ठाम खोटेही नाहीत.
- दोन्हींत पदं तीच आहेत.
- एक खरा ठरला तर दुसरा खोटा, आणि एक खोटा ठरला तर दुसरा खरा.

तिसऱ्या अटीत बसणाऱ्या जोड्या दोनच: ‘काही आहेत’ + ‘एकही नाही’ आणि ‘सर्व आहेत’ + ‘काही नाहीत’. आपल्या उदाहरणात (अ) आणि (क) ही पहिली जोडी आहे. कंडक्टरांत एकही गायक नसेल किंवा निदान एक असेल, तिसरी वाट नाही. म्हणून ‘एकतर अ किंवा क’ निघतो.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे ‘सर्व आहेत’ आणि ‘एकही नाही’ यांची जोडी लावणं. ही दोन टोकं आहेत, मधे भरपूर जागा आहे. अर्धे असतील, अर्धे नसतील, आणि मग दोन्ही खोटी.

पदांचा क्रम बदललेला असेल तर पहिल्या जोडीत चालतं, कारण ‘काही आहेत’ आणि ‘एकही नाही’ दोन्ही सरळ उलटतात. दुसऱ्या जोडीत चालत नाही. ‘सर्व अ ब आहेत’ आणि ‘काही ब अ नाहीत’ ही जोडी नव्हे.

‘काही आहेत’ + ‘काही नाहीत’ याबद्दल पुस्तकापुस्तकांत फरक आहे. त्यांतलं निदान एक खरं असतंच, पण दोन्हीही खरी असू शकतात, त्यामुळे काटेकोरपणे ती ‘एकतर-किंवा’ ठरत नाही. ज्या परीक्षेला बसताय तिच्या मागच्या उत्तरतालिकांत काय धरलंय ते बघून ठेवा.

> इशारा: जोडी शोधायची ती पाचव्या टप्प्यानंतरच. जोडीतला एक निष्कर्ष एकटाच निघत असेल तर तोच उत्तर, ‘एकतर-किंवा’ नाही.

## टप्पा ७: ‘शक्यता’ असलेले निष्कर्ष शेवटी घ्या

इथे कसोटी उलटी होते. ठाम निष्कर्षाला सगळ्या आकृत्यांत खरं असावं लागतं, शक्यतेच्या निष्कर्षाला एक आकृती पुरते. तेव्हा इथे मोडायचा नाही, घडवायचा प्रयत्न करा.

(ड) सर्व कंडक्टर वकील. कंडक्टरांचं वर्तुळ गायकांपासून दूर सरकवा, त्याभोवती वकिलांचं वर्तुळ काढा, ते गायकांना शिवू देऊ नका. एकही विधान मोडलं नाही. शक्यता आहे. पण निष्कर्ष ‘सर्व कर्मचारी वकील असण्याची शक्यता आहे’ असा असता तर? निदान एक कर्मचारी गायक आहे, तो वकील होऊ शकत नाही. शक्यता नाही. एका शब्दाने उत्तर फिरतं, म्हणून पद पुन्हा वाचा.

म्हणजे या प्रश्नाचं उत्तर: ब आणि ड निघतात, शिवाय एकतर अ किंवा क.

आता ‘फक्त काही’. समजा विधानं अशी: *फक्त काही बाकं खुर्च्या आहेत. सर्व खुर्च्या टेबलं आहेत.*

- सर्व बाकं खुर्च्या असण्याची शक्यता? नाही. ‘फक्त काही’ने काही बाकं खुर्च्यांबाहेर ठेवली आहेत.
- सर्व बाकं टेबलं असण्याची शक्यता? आहे. खुर्च्यांबाहेरची बाकं टेबलांत जायला कुणाची आडकाठी नाही.
- सर्व खुर्च्या बाकं असण्याची शक्यता? आहे. अट बाकांवर आहे, खुर्च्यांवर नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत जास्त चुकतं. ‘फक्त काही’ चा लगाम पहिल्याच पदाला असतो.

> तपासा: ‘शक्यता’ हा शब्द निष्कर्षाच्या शेवटी असतो आणि घाईत तो वाचलाच जात नाही. निष्कर्ष वाचताना त्याखाली रेघ मारा.

## हात बसवण्यासाठी

सराव करताना चुकलेल्या प्रश्नापुढे बरोबर उत्तराचं अक्षर लिहून पुढे जाऊ नका. ज्या आकृतीने तुमचा निष्कर्ष मोडला ती काढून ठेवा. चुका त्याच-त्याच ठिकाणी होत असतात, हे वही दोन पानं उलटली तरी दिसतं.

तीन प्रश्न देतो. उत्तरं खाली आहेत, पण आधी झाकून सोडवा.

१. सर्व डबे पेट्या आहेत. एकही पेटी कपाट नाही. काही कपाटं दारं आहेत.
(अ) एकही डबा कपाट नाही. (ब) काही दारं पेट्या नाहीत. (क) काही पेट्या दारं नाहीत. (ड) सर्व दारं डबे असण्याची शक्यता आहे.

२. काही नद्या रस्ते आहेत. काही रस्ते पूल आहेत.
(अ) एकही नदी पूल नाही. (ब) काही पूल नद्या आहेत.

३. फक्त सभासदच मतदार आहेत. काही सभासद भाडेकरू आहेत.
(अ) सर्व सभासद मतदार आहेत. (ब) काही सभासद मतदार आहेत. (क) काही मतदार भाडेकरू आहेत. (ड) सर्व भाडेकरू मतदार असण्याची शक्यता आहे.

उत्तरं

१. अ आणि ब निघतात. (क) मोडतो, कारण सगळ्या पेट्या दारांच्या आत सरकवता येतात. (ड) शक्य नाही, कारण निदान एक दार कपाट आहे आणि कपाट पेटी नसतं, मग डबा कुठून असणार?

२. दोन्ही विधानं ‘काही’ची, म्हणून एकेकटा एकही निघत नाही. पण पदं तीच आणि जोडी ‘काही आहेत’ + ‘एकही नाही’ची. क्रम उलटला तरी चालतो. एकतर अ किंवा ब.

३. पहिलं विधान ‘सर्व मतदार सभासद आहेत’ असं उतरतं. ते उलटवलं की (ब) मिळतो. (अ) आणि (क) मोडतात. (ड) घडवता येतो, भाडेकरूंना मतदारांच्या आत ठेवा, काही बिघडत नाही. म्हणून ब आणि ड.